वैद्यबाईंच्या पायरीवरचा ट्रे

"आई, हे भांड्यांचं प्रकरण मी उद्या सकाळी पाच मिनिटांत कायमचं मिटवतो. तू फक्त बघ!"

चारुदत्तने बुधवारी संध्याकाळी जेवताना ही घोषणा केली. आता चारुदत्त म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात तो क्वालिटी इंजिनिअर. कुठे काही बिघडलं की त्याचं मूळ कारण शोधून काढायचं, हाच त्याचा धंदा. चिंचवडपासून जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगपर्यंत भल्याभल्या बिघाडांची मूळ कारणं त्याने चव्हाट्यावर आणली होती. घरातल्या बिघाडाचं मूळ कारण मात्र त्याच्यासमोरच पोळी मोडत बसलं होतं आणि "भाजीत मीठ कमी पडलंय का रे?" असं विचारत होतं.

प्रकरण सुरू झालं ते आई आली त्याच आठवड्यात. आई म्हणजे शुभदाताई, तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आलेल्या. ब्राउनश्वाइगहून बसने जरा आत गेलं की लागणाऱ्या एका गावात चारुदत्त, सुनेत्रा आणि त्यांची नऊ वर्षांची स्पृहा भाड्याने राहत. घरमालकीण फ्राऊ वीडेमान त्याच अंगणातल्या पुढच्या घरात. सत्तरीच्या, एकट्या, सोबतीला ओटो नावाचा बुटका डॅक्सहुंड कुत्रा. 'वीडेमान' काही आईच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्या 'वैद्यबाई' झाल्या.

तर या वैद्यबाईंनी स्वागत म्हणून काचेच्या भांड्यातून प्लमचा केक पाठवला. शेजारचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून आईने ते बेसनाच्या लाडवांनी भरून पाठवलं. आता बाईंना वाटलं, आपण एक केक काय दिला, या लोकांनी तर चौदा लाडू दिले! त्यांनी चीझकेक धाडला. आईने चकल्या. त्यांनी बिस्किटं. आईने शंकरपाळे. दोन्ही स्वयंपाकघरांतून दिवसभर खमंग वास येत होते आणि दोन्ही बायका थकून गेल्या होत्या, पण आधी थांबायचं कुणी?

शेवटी वैद्यबाईंनी युक्ती केली. सफरचंदाचा केक पाठवला तो ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून. वापरायचा आणि फेकायचा. भांडंच नाही, तर परत काय करणार? बाईंना वाटलं, सुटले एकदाची! पण गाठ शुभदाताईंशी होती. श्रीखंडाचे रिकामे डबे ज्या घरात तीन पिढ्या डाळी सांभाळतात, त्या घरातल्या त्या. त्यांनी तो ट्रे घासला, पुसला आणि खिडकीत उन्हाला लावला.

"आई, तो फेकायचा असतो गं."

"फेकायचा? इतका लख्ख? आणि दुसऱ्याचं भांडं आपण कसं फेकायचं?"

चारुदत्तने तो एकदा गुपचूप कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकूनही पाहिला. सकाळी ट्रे परत ओट्यावर, पुन्हा घासलेला!

"बरं, मग परत देऊ," बुधवारी तो म्हणाला. "पण रिकामा! बेल वाजवायची नाही. पायरीवर ठेवायचा आणि निघून यायचं. त्यांना काही करावं लागणार नाही, तुलाही नाही. साखळी तुटली!"

"रिकामा?"

"रिकामा."

आई गप्प बसली. आई इतक्या पटकन गप्प बसली, तिथेच खरं तर त्याने ओळखायला हवं होतं.

इतकी घाई करायला कारणही तसंच होतं. घराचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. वैद्यबाईंच्या भाच्याला हॅनोवर सोडून इकडे यायचं होतं म्हणे. करार वाढवायचा की नाही, ते त्या रविवारी सांगणार होत्या. या भागात भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय, ते ज्याने शोधलंय त्यालाच ठाऊक. शिवाय स्पृहाची शाळा, तिच्या मैत्रिणी, सुनेत्राची नुकती लागलेली नोकरी, सगळं या अंगणाला बांधलेलं. रविवारपर्यंत बाईंच्या कपाळावर एक आठीही पडता कामा नये, असं चारुदत्तने घरात बजावून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी बस गाठायच्या घाईत तो दारात आला, तर आई ट्रे घेऊन तयारच उभी. वर कागदी नॅपकिन.

"हे कशाला?"

"धूळ बसते."

त्याने ट्रे बाईंच्या पायरीवर ठेवला आणि बसमागे धावत सुटला. बसमध्ये बसल्यावर त्याला फार हलकं वाटलं. मूळ कारण, उपाय, अंमलबजावणी! पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुपारी सुनेत्राचा फोन आला.

"चारू, गावात कुणीतरी कुत्र्यांना विष घालतंय रे!"

"काय सांगतेस!"

"परवा शेजारच्या गावात घातलं होतं ना, तसंच. ओटोने खाल्लं. वीडेमानबाई रडत रडत त्याला घेऊन डॉक्टरकडे गेल्यात. आणि हिंमत बघ, थेट त्यांच्या पायरीवर आणून ठेवलं!"

"काय नीच माणसं असतात एकेक!" चारुदत्त मनापासून म्हणाला.

"ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये होतं."

चारुदत्तची खुर्ची करकरली.

"ओलसर पांढरी पूड होती म्हणे. चारू? ऐकतोयस ना? तू ट्रे रिकामाच ठेवला होतास ना?"

"रिकामाच! म्हणजे... वर नॅपकिन होता. आईला विचार. आत्ताच्या आत्ता विचार!"

फोनवर थोडी कुजबुज झाली. मग लांबून आईचा शांत आवाज आला, "अगं, रिकामं भांडं कसं द्यायचं कुणाला? चमचाभर साखर घातली फक्त. तेवढी तर चालते!"

नॅपकिन वाऱ्याने उडाला होता. वर पावसाची भुरभुर. ओटोने चाटून उरलेली साखर ट्रेच्या कोपऱ्यात ओली होऊन बसली होती आणि विषापेक्षाही विषारी दिसत होती. आणि वापरून फेकायचा ट्रे कुणी घासून परत देईल, हे वैद्यबाईंच्या काय, अख्ख्या गावाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं!

"मी आत्ताच जाऊन सांगते त्यांना," सुनेत्रा म्हणाली.

"नको! मी येतो, मी सांगतो. नीट, पद्धतशीर सांगायला हवं. घराचा प्रश्न आहे."

संध्याकाळी तो पोचला तेव्हा अंगणात गर्दी होती. मधोमध वैद्यबाई, त्यांच्या कडेवर चादरीत गुंडाळलेला ओटो. डॉक्टरांनी त्याला तपासून घरी पाठवलं होतं. ओटोची तब्येत ठणठणीत दिसत होती, फक्त चेहऱ्यावर अपमान झाल्याचा भाव होता. शेजारी गावाचे एकुलते एक पोलीस, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रोकमान. त्यांच्या हातातल्या पारदर्शक पिशवीत तो ट्रे. चारुदत्तला तो लगेच ओळखू आला. इतका चकचकीत ट्रे साऱ्या जर्मनीत दुसरा नव्हता.

त्याने श्वास घेतला आणि पुढे झाला. "फ्राऊ वीडेमान, मला तुम्हाला काही सांगायचंय."

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे लाल झाले होते. "नवरा गेल्यापासून मला हाच एक आहे हो. ज्याने हे केलं ना, तो माणूस मला या अंगणात नको. उभासुद्धा नको! हं, काय सांगत होता तुम्ही?"

"मी... मी म्हणत होतो की, शोधायला मदत करतो."

हे वाक्य आपण बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण हेर ब्रोकमान खूश झाले.

"आल्झो, म्हणजे तुम्ही तर मूळ कारण शोधणारे इंजिनिअर! उद्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा आहे. तुम्हीच बोला तिथे."

शुक्रवारी चारुदत्तने फ्लिपचार्टवर बिघाडाची कारणं मांडायची ती माशाच्या सांगाड्याची आकृती काढली. माशाच्या डोक्यात 'ओटो' असं लिहिलं आणि एकेका हाडावर 'साधन', 'माणूस', 'हेतू'. 'माणूस' लिहिताना हातातलं पेन दोनदा खाली पडलं. सभेने त्याला टाळ्या दिल्या, चकाकणारं पिवळं जाकीट दिलं, आणि विष घालणाऱ्याला पकडायच्या गस्तीचं प्रमुखपद दिलं. ओटोच्या प्रेमापोटी स्पृहाने शाळेतून येऊन पोस्टरं रंगवली. वर ठळक 'आख्टुंग!' म्हणजे सावधान, खाली ट्रे. ट्रे इतका हुबेहूब काढला होता की चारुदत्तला घाम फुटला. ती पोस्टरं गावभर खांबाखांबांवर त्यानेच चिकटवली. चिकटपट्टीही त्याचीच.

"आज सांगितलंस?" त्या संध्याकाळी सुनेत्राने विचारलं.

"आज कसं सांगणार? मी प्रमुख आहे!"

"म्हणजे उद्या?"

"रविवारी करार होऊ दे. सोमवारी सांगतो."

सुनेत्राने उरलेली चिकटपट्टी त्याच्यापुढे ठेवली. "म्हणजे त्यांना फसवून घर घ्यायचं?"

चारुदत्तने पिवळं जाकीट खुंटीला टांगलं. त्याला स्वतःची लाज वाटली. अंगणात ओटो भुंकला तरी दचकायला व्हायचं, आणि नाही भुंकला तरी.

आईला मात्र विषाचं काही न सांगता तो वारंवार बजावत होता, "तू काही बोलू नकोस हं."

"मी कुणाशी बोलणार? मला भाषा येते का?" आई म्हणायची आणि तिच्या कामाला लागायची. डॉक्टरांनी ओटोला दोन दिवस नुसता मऊ भात द्यायला सांगितला होता. भात मऊ कसा करायचा, हे विचारायला वैद्यबाई स्पृहाला मध्ये घालून आल्या. आईने त्यांना काही सांगितलंच नाही, सरळ कुकर लावला. स्टीलच्या डब्यातून गुरगुट्या भात गेला. ओटोने तो असा खाल्ला की आजारपण संपूच नये, असं त्याला वाटायला लागलं असावं.

शनिवार उजाडला. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एका छोट्या गावाची फार जुनी विनोदी मालिका लागायची. वैद्यबाई आणि आई ती एकत्र बघायच्या. आईला जर्मनचं अक्षर येत नव्हतं, तरी सगळं कळायचं. "हा पोलीस भोळा आहे, ही बेकरीवाली लबाड, आणि महापौराला बायकोची भीती!" असं ती पहिल्याच भागात सांगून मोकळी झाली होती, आणि ते तंतोतंत खरं होतं.

त्या शनिवारी वैद्यबाईंनी सगळ्यांनाच बोलावलं. गस्तीप्रमुखांचा मान म्हणून चारुदत्तला आरामखुर्ची. हेर ब्रोकमानही आले. सोमवारी ट्रे ब्राउनश्वाइगच्या प्रयोगशाळेत द्यायचा म्हणून तो त्यांनी बरोबरच बाळगला होता. पिशवी कॉफीच्या टेबलावर ठेवली. ओटो सोफ्याखाली, नाक पिशवीच्या दिशेने.

भाग सुरू झाला. गावच्या जत्रेतला मोठा केक चोरीला गेलेला. गाव हवालदिल. अशात गावचा शिंपी पुढे येतो, शोधमोहिमेचं पुढारीपण घेतो. कंदील घेऊन फिरतो, भाषणं ठोकतो. चारुदत्तला खुर्ची टोचायला लागली.

"हाच!" आई मराठीत म्हणाली.

"ओमा म्हणते, त्यानेच खाल्लाय," स्पृहाने आजीचं म्हणणं वैद्यबाईंना जर्मनमध्ये सांगितलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" वैद्यबाई म्हणाल्या. "मी हा भाग लहानपणी पाहिलाय. नेहमी असंच असतं. सगळ्यात जास्त धावपळ जो करतो ना, तोच!"

हेर ब्रोकमान हसले. वैद्यबाई हसल्या. मग हसता हसता हेर ब्रोकमान थांबले आणि त्यांची नजर सहज, अगदी सहज, पिवळ्या जाकिटावर गेली. चारुदत्तने ते आत येताना काढलंच नव्हतं.

"उकडतंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"न... नाही," चारुदत्त म्हणाला. घामाची धार कानामागून मानेवर उतरली.

एवढ्यात जाहिराती लागल्या. आईने चष्मा सारखा केला आणि इतका वेळ समोर असलेल्या पिशवीकडे तिचं पहिल्यांदा लक्ष गेलं.

"अगं बाई! हा तर आपण पाठवलेला ट्रे! प्लास्टिकमध्ये कोंडलाय कशाला? आणि धुतलासुद्धा नाही!"

कुणाला काही कळायच्या आत तिने पिशवी उघडली, ट्रे बाहेर काढला, कोपऱ्यातला खडा नखाने सोडवला आणि साखरेचाच आहे ना ते बघायला जिभेवर ठेवला.

वैद्यबाईंनी फोडलेली किंकाळी गावाच्या चर्चपर्यंत गेली असेल. हेर ब्रोकमान "थुंका! थुंका!" म्हणून ओरडत उठले, त्यांची कॉफी सांडली. वैद्यबाईंनी फोन उचलून रुग्णवाहिकेचा नंबर फिरवायला घेतला. नंबर दोनदा चुकला. आईला वाटलं, ट्रे न धुतल्याबद्दल बाईंना अपराधी वाटतंय. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे हो, असू दे!"

वैद्यबाईंची ती तारांबळ चारुदत्तला बघवेना.

"थांबा!" तो आरामखुर्चीतून उठला. "फोन ठेवा. ती साखर आहे. ट्रे मी ठेवला. मीच!"

टीव्हीवर वॉशिंग पावडरची जाहिरात चालू होती, तेवढाच आवाज. ओटोने मात्र संधी साधून ट्रे खाली ओढला आणि उरलेला पुरावा चाटून संपवला.

मग चारुदत्तने सगळं सांगितलं. भांडं रिकामं न देण्याची रीत, घासलेला ट्रे, नॅपकिन, बस, सभा. "मी गुरुवारीच सांगायला आलो होतो," तो शेवटी म्हणाला, "पण तुमचे डोळे बघून घाबरलो. आणि खरं सांगायचं तर घराला घाबरलो. त्यासाठी तुम्हाला तीन दिवस रडवलं. माफ करा म्हणायचंही तोंड नाही मला."

वैद्यबाईंनी फोन जागेवर ठेवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी भांडं पाठवलं की तुम्हाला ते भरावंच लागायचं?"

"हो."

"आणि तुम्ही भरून पाठवता, म्हणून मी पुन्हा भरत होते! माझी मनगटं दुखायला लागली हो केक फेटून फेटून! आणि मला मधुमेह. त्या पिवळ्या गोळ्यांतला मी एकही खाल्ला नाही."

"मग कुणी खाल्ले?" सुनेत्राने विचारलं.

हेर ब्रोकमान एकदम छताकडे बघायला लागले. त्यांच्या गणवेशाचं पोटावरचं बटण कित्येक दिवसांपासून लागत नव्हतं.

"आणि माझे केक?"

"आई अंडं खात नाही," चारुदत्त पुटपुटला. "ते मी ऑफिसात नेत होतो. आमचा अख्खा विभाग तुमची आठवण काढतो."

वैद्यबाईंचा चेहरा गंभीरच होता. त्या उठल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. चारुदत्तने सुनेत्राकडे पाहिलं. सुनेत्राने मान खाली घातली. आतून कपाट उघडल्याचा, मग कागद फाडल्यासारखा आवाज आला. गेलं घर, त्याच्या मनात आलं. स्पृहाला आता काय सांगायचं? तिच्या मैत्रिणी, शाळा, सगळं आपल्या भित्रेपणापायी गेलं.

वैद्यबाई बाहेर आल्या त्या आईचा स्टीलचा डबा घेऊन. ओटोच्या भाताचा. घासून पुसून लख्ख केलेला. त्यांनी तो आईच्या हातात ठेवला.

"हिला सांग," त्या स्पृहाला म्हणाल्या, "की मला ही रीत आज कळली. कालपासून हा डबा रिकामाच पडून होता. आता रिकामा देता येत नाही."

आईने झाकण उघडलं. आत लाडू नव्हते, केक नव्हता. चार घड्या घातलेले कागद होते. घराचा करार, दोन प्रतींत, आणखी तीन वर्षांचा, खाली वैद्यबाईंची सही. तारीख बुधवारची. म्हणजे ट्रेच्या आदल्या दिवशीच त्यांनी सही करून ठेवली होती! शेवटच्या कलमाखाली मात्र आत्ताच पेनने लिहिलेली एक ओळ होती, तिची शाई अजून ओली होती: 'भांडी परत करताना ती रिकामी असावीत.'

चारुदत्तने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

"तुमची गस्त मात्र चालू राहील," हेर ब्रोकमान म्हणाले. "ती पोस्टरं कुणीतरी उतरवायला हवीत."

त्या संध्याकाळी सगळे हसत घरी आले. डबा आपला होता, आपल्याकडे परत आला. कुणाचं भांडं कुणाकडे उरलं नव्हतं. चारुदत्तने दोन्ही प्रतींवर सह्या केल्या, बाईंची प्रत पाकिटात घातली आणि पाकीट ओट्यावर ठेवलं. "संपलं!" तो आईला म्हणाला. "मूळ कारणासकट संपलं! उद्या हे पाकीट त्यांच्या पत्रपेटीत टाकायचं, की झालं."

"नुसतं पाकीट?" आईने विचारलं.

"नुसतं पाकीट."

आई गप्प बसली.

रविवारी सकाळी त्याने पाकीट पत्रपेटीत टाकलं आणि शीळ घालत पोस्टरं काढायला निघाला. कोपऱ्यावरून सहज मागे वळून पाहिलं, तर ओटो पत्रपेटीखाली मागच्या पायांवर उभा राहून, जीभ बाहेर काढून, वरून गळणाऱ्या पांढऱ्या दाण्यांची वाट बघत होता.